नळी आणि लाकडाच्या मधली दहाची नोट

कोलकाता पोस्टिंगवरचा हा चौथा लेख. आधीचे तीन ट्राम, हावडा पूल आणि माशांचा बाजार यांच्यावर खर्ची पडले. गावाकडच्या एका मित्राने फोनवर सुनावलं, "अरे, तू आर्मरर आहेस की टुरिस्ट? हत्यारांवर लिही की कधीतरी." म्हणून आज हत्यारावर लिहितो. पलटणीचं नाव, रेंजची जागा, माणसांची नावं नेहमीप्रमाणे लिहिणार नाही. ती विचारूही नका.

सुरुवात पावसापासून करावी लागेल. आमच्या साताऱ्याकडे पाऊस येतो आणि जातो. इथे तो हवेतच राहायला येतो. जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत बराकीतली दारं चौकटीत अडकतात, ट्रंकेतल्या पट्ट्याला बुरशी धरते, कॅरम बोर्डाला पोक येतं. लाकूड पाणी पितं आणि फुगतं. लोखंड फुगत नाही. माझ्या कामातली अर्धी दुखणी या एका वाक्यात आली, कारण रायफल म्हणजे लाकूड आणि लोखंड यांचा संसार. नवीन हत्यारांत लाकूड राहिलेलं नाही हे खरं. पण शूटिंग टीमच्या कोतमध्ये जुनी टार्गेट हत्यारं असतात, आणि नवीन पोरांचा हात त्यांच्यावरच बसतो.

आमच्याकडे अशी एक पॉइंट टू-टूची सिंगल शॉट रायफल आहे, मार्टिनी पद्धतीची. खालची लिव्हर ओढली की ब्लॉक खाली जातो, हाताने एक गोळी घालायची, लिव्हर बंद करायची, मारायची. मॅगझिन नाही. बनावट कुणाची ते लिहीत नाही, कारण पुढे तिची तक्रार सांगणार आहे आणि इतक्या वर्षांत किती हातांनी तिचे स्क्रू पिळले असतील कोण जाणे. ही रायफल टीममध्ये नव्याने आलेल्या एका पोराच्या वाट्याला आली. पोरगा कोल्हापूरकडचा, राधानगरी तालुक्याच्या आसपासचा. १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, ४५१.४ गुणांचं, तेव्हा हा पोरगा गावी छुट्टीवर होता. मिरवणुकीचं वर्णन त्याच्याकडून मी कमीत कमी दहा वेळा ऐकलंय. परेडवर मला उस्ताद म्हणतो, संध्याकाळी बराकीत दादा.

पोरगा वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून मारायचा तेव्हा ग्रुपिंग सुरेख, पाच गोळ्या एका रुपयाखाली झाकाव्यात अशी. पण पोटावर झोपून, डाव्या दंडाला स्लिंग लावून मारायला लागला की गोळ्या खाली आणि डावीकडे जायच्या. त्याही एका जागी नाही. पहिल्या तीन-चार बऱ्या, मग हळूहळू सरकत जायच्या. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, करंगळीच्या नखाएवढं. तिथे दोन बोटांचा फरक म्हणजे आठ-सातच्या रकान्यात मुक्काम.

रेंजवर खाली-डावीकडे या आजाराचं निदान वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. चाप ओढतो. दाबायचा असतो, हा ओढतो. टीम बघणारे साहेब जुने नेमबाज, त्यांच्या हाताखालून चांगले चांगले गेलेत. ते म्हणाले, "हथियार झूठ नहीं बोलता, बंदा बोलता है." आणि पोराच्या नावापुढे शेरा पडायची वेळ आली. फौजेत असा शेरा माणसाच्या आधी पुढच्या ठिकाणी पोचतो. महिनाभराने टीमची निवड होती. जागा तीन, पोरं सहा. ज्यांची निवड होणार नाही त्यांनी आपापल्या कंपनीत परत जायचं, आणि याची कंपनी वर सिक्कीमला.

त्या काळजीपेक्षाही मला दुसरीच गोष्ट बोचत होती. पोराने शेरा पडायच्या आधीच मान्य करून टाकला होता. "उस्ताद, चूक माझीच हाय," म्हणायचा. कोरडा सराव करताना चापावर बोट ठेवलं की त्याचा श्वास अडकायचा. जो दोष नव्हता तो त्याला खरोखर लागायला लागला होता. आणखी पंधरा दिवस तसे गेले असते तर साहेबांचं निदान खरंच ठरलं असतं.

आता थोडं हत्याराबद्दल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

रायफलचं लाकूड दोन प्रकारचं असतं. एक सलग, दस्त्यापासून पार पुढपर्यंत एकच तुकडा. त्यात मधला लोखंडी भाग, म्हणजे रिसीव्हर, लाकडात बसवून खालून स्क्रूने आवळतात. अशा रायफलीत नळीखालचं लाकूड थोडं कोरून काढलं की नळी पुढे हवेत मोकळी राहते. लाकडाला आधार रिसीव्हरचा, नळीला आधारही रिसीव्हरचा, दोघं एकमेकांना शिवत नाहीत. याला फ्री फ्लोटिंग म्हणतात. मराठीत तरती नळी म्हणा, मोकळी नळी म्हणा. तपासायची पद्धत सोपी आहे. दहाची नोट नळी आणि लाकडाच्या मधे घाला आणि रिसीव्हरपर्यंत सरकवत न्या. कुठेही न अडकता गेली तर नळी मोकळी.

दुसरा प्रकार दोन तुकड्यांचा. मागे दस्ता वेगळा, पुढे डाव्या हाताखालचं लाकूड वेगळं, मधे लोखंडाची पेटी. मार्टिनी अशी, लिव्हरने ब्लॉक खाली पडणाऱ्या बहुतेक सिंगल शॉट रायफली अशा, आणि मधून मोडणारी सिंगल शॉट पिस्तुलंही अशीच. पुढच्या लाकडाला, म्हणजे फोरएन्डला, इथे खाली धरायला काही नाही. मग बनवणारे ते थेट नळीलाच टांगतात, एक-दोन स्क्रूने. बनवायला सोपं, दिसायला छान, शिकारीला चालतं. टार्गेटवर मात्र तीन गोष्टी घडतात.

गोळी सुटते तेव्हा नळी थरथरते. वाजवलेल्या घंटेसारखी म्हणा. दर वेळी सारखीच थरथरली तर काही बिघडत नाही, गोळ्या एकाच जागी जातात. पण घंटेवर कुणी बोट ठेवलं, कधी हलकं, कधी दाबून, तर आवाज बदलतो तसं इथे होतं. नळीला चिकटलेलं लाकूड म्हणजे ते बोट. दुसरं, लाकूड फुगतं आणि आकसतं, म्हणजे त्या बोटाचा दाब सकाळी एक, दुपारी दुसरा. आणि तिसरं, जे आमच्या पोराला नडत होतं. स्लिंगचा हुक फोरएन्डला, फोरएन्ड नळीला. झोपून मारणारा उजवा नेमबाज डाव्या दंडाने स्लिंग ताणतो, तेव्हा तो ताण हुकातून लाकडात, लाकडातून स्क्रूत आणि स्क्रूतून नळीत जातो. खाली आणि डावीकडे. डोळ्याला दिसणार नाही एवढी नळी वाकते, पण ५० मीटरवरचा कागद ते सांगतो. पिशवीवर टेकवली की स्लिंग ढिली, ताण नाही, म्हणून तिथे गोळ्या सुरेख.

पहिल्या तीन-चार बऱ्या आणि मग सरकत का जातात, तेही यातच आलं. कोलकात्याच्या घामाने स्लिंग दंडावर घसरते, पोरगा ती पुन्हा वर ओढतो, दर वेळी ताण वेगळा.

साहेबांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि पोरापुढे तर नाहीच. मी एवढंच म्हटलं, "साहब, एक डिटेल करने दो." एका रविवारी तीन जण घेतले, त्यातला एक आमचा सगळ्यात भरवशाचा नेमबाज, ज्याच्या चापाबद्दल कुणी शंका घेणार नाही. रायफल तीच, गोळ्या एकाच डब्यातल्या. प्रत्येकाने पाच गोळ्या स्लिंग ढिली ठेवून मारायच्या, पाच आवळून, पाच आणखी दोन भोकं आवळून. कुणाला कारण सांगितलं नाही. तिघांच्याही गोळ्या स्लिंग आवळली तशा खाली-डावीकडे गेल्या, कुणाच्या कमी, कुणाच्या जास्त. भरवशाच्या माणसाच्या सगळ्यात जास्त, कारण त्याची स्लिंग सगळ्यात घट्ट. कागद साहेबांपुढे ठेवले. साहेब बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चाय मंगाओ." त्यांच्याकडून एवढं म्हणजे बरंच. मोठ्या मनाचा माणूस. शेरा त्यांनी तिथेच थांबवला.

इथे जरा इतिहासात डोकावतो, कारण या शहरात बसून बंदुकीच्या लाकडाबद्दल लिहायचं आणि इशापूर-दमदमचं नाव घ्यायचं नाही, हे पंढरपूरला जाऊन विठोबाला न भेटण्यासारखं आहे. सियालदाहून लोकलने वर निघालं की दमदम, बराकपूर, इशापूर, सगळी एका रुळावर. जानेवारी १८५७ मध्ये दमदमच्या डेपोत नव्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांच्या चरबीची बातमी फुटली, आणि २९ मार्चला बराकपूरच्या परेड ग्राउंडवर मंगल पांडे उभा राहिला. काडतुसाबद्दल सगळ्यांना माहीत आहे, रायफलच्या लाकडाकडे कुणी बघत नाही. ती एनफिल्ड पुढून भरायची, तिची लांबलचक नळी सलग लाकडात ठेवून वरून तीन लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली. मोकळ्या नळीच्या बरोबर उलट. आणि तसं असायला कारण होतं. ती बंदूक टार्गेटवर झोपून मारायची नव्हती. पुढे संगीन लावून माणसांच्या अंगावर धावून जायचं होतं, तापलेली नळी हाताने धरायची होती, दस्त्याने दार फोडायचं होतं.

इशापूरला कंपनी सरकारच्या काळापासून दारूचा कारखाना होता. त्याच जागेवर १९०४ मध्ये रायफल फॅक्टरी उभी राहिली. माझ्या आजोबांच्या पिढीने खांद्यावर वाहिलेल्या थ्री-नॉट-थ्रीपैकी कितीतरी इथल्या. त्या रायफलीचं लाकूड नीट उघडून बघितलंत तर लक्षात येईल की बनवणाऱ्यांना हा सगळा त्रास पक्का माहीत होता. त्यांनी नळी मोकळी सोडली नाही, तर मोजून बांधली. पार पुढे, नोझकॅपच्या मागे, लाकडात एक स्प्रिंगवाला छोटा खुंटा आहे, तो नळीला खालून वर रेटतो. मधे एक आतली पट्टी आहे, ती स्प्रिंगवाल्या स्क्रूने नळीला खाली धरते. म्हणजे लाकूड फुगलं-आकसलं तरी दाब स्प्रिंगने सांभाळायचा. तिच्या पुढच्या भावंडात, नंबर फोरमध्ये, फोरएन्डच्या टोकाने नळीला दोन ते सात पौंड वर रेटावं असा आर्मररचा हिशोबच होता. कुणी उत्साही माणूस ते लाकूड कोरून नळी मोकळी करतो आणि मग रायफल बिघडली म्हणून बोंबलतो. बारीक नळीला आधार हवा असतो. मोकळी नळी हा काही देवाचा नियम नाही.

इशापूरच्या आणखी एका कामाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण ती खास सिंगल शॉट आहे. जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या नळीतले आटे कापून ती गुळगुळीत करायची, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवायचा, आणि एका वेळी एकच काडतूस घेणारी फोर-टेन मस्कट तयार. पोलीस आणि तुरुंगाच्या शिपायांसाठी. राज्यकर्त्यांचा हिशोब सरळ होता, हत्यार द्यायचं पण पुरतं द्यायचं नाही. फोरएन्ड मात्र तसाच ठेवला, पट्ट्या-स्प्रिंगांसकट. पुढे चीनच्या लढाईच्या सुमारास इशापूरने तीच रायफल ७.६२ मध्ये बनवली, टू-ए आणि मग टू-ए-वन. या रायफलींच्या फोरएन्डमधून आडवा एक स्क्रू जातो, लाकूड फाटू नये म्हणून. जगभरचे शौकीन त्याला इशापूर स्क्रू म्हणतात. आपल्या माणसांनी लाकडाच्या स्वभावावर काढलेला तोडगा परदेशातल्या जाणकारांच्या तोंडी गावाच्या नावाने बसलाय. इथल्या फलाटावर भजी खाताना मला याचा उगाच अभिमान वाटतो.

आणि कोलकात्यात मराठी शिपायाला चिडवायचं असेल तर एकच शब्द पुरतो, बर्गी. १७४२ मध्ये आपल्या लोकांच्या भीतीने कंपनीने शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याला मराठा डिचच म्हणायचे. आजही इथल्या आया पोरांना बर्गींच्या भीतीने झोपवतात. आणि आता पूर्व कमांडचं मुख्यालय असलेल्या फोर्ट विल्यमचं नाव झालंय विजयदुर्ग, आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून, आणि त्याच्या एका दरवाजाला शिवाजी गेट. चहावाल्या दादांना सांगितलं तर ते म्हणाले, शेवटी बर्गी आत आलेच म्हणायचे!

असो. कामाकडे येतो.

निदान झालं, पण उपाय सोपा नव्हता. रायफल सरकारी, तिचं लाकूड सरकारी. एक ढलपी काढायची तरी कागद लागतो. शिवाय मला स्वतःलाही मूळ लाकडाला कानस लावायची नव्हती. जुनं चांगलं अक्रोडाचं लाकूड आहे, उद्या ही रायफल कुणी मूळ रूपात मागितली तर देता आली पाहिजे. रिसीव्हरला नवीन भोक पाडायचा तर प्रश्नच नाही. ज्या पेटीत गोळीचा धमाका कोंडलेला असतो तिला ड्रिल लावणारा आर्मरर माझ्या मते नोकरीला लायक नाही.

म्हणून दुसरा फोरएन्ड करायचा ठरलं. मोडलेल्या एका दस्त्याचं लाकूड राइट-ऑफमध्ये पडलं होतं, त्याची रीतसर परवानगी घेतली. तो टांगायचा कुठे, हा खरा प्रश्न. सिंगल शॉट पिस्तुलवाल्यांनी यावर बराच विचार केलेला आहे. अमेरिकेत १९६७ मध्ये थॉम्पसन सेंटरचं कंटेंडर नावाचं मधून मोडणारं पिस्तूल आलं. त्यात नळी बदलता येते, आणि फोरएन्ड नळीलाच स्क्रूने लागतो. नळी मोडून खाली पडते, फोरएन्ड तिच्याबरोबर जातो, म्हणजे तो रिसीव्हरला टांगायची सोयच नाही. तिथले हौशी कारागीर काय करतात, तर नळीखाली एक लोखंडी पट्टी एकाच जागी आवळतात आणि फोरएन्ड त्या पट्टीला लावतात, नळीला कुठेही न शिवता. पुढे हात कुठेही टेकवा, पिशवी कुठेही ठेवा, नळीला कळतं ते एका बिंदूतून. पूर्ण मोकळी नव्हे, पण दोन जागांची ओढाताण संपली.

आम्ही तेच केलं, आणखी मागे सरकून. नळी मुळाशी, रिसीव्हरला लागून, सगळ्यात जाड असते. तिथे दोन अर्ध्या भागांचं कडं बसवलं, आतून पातळ तांब्याचा पत्रा, म्हणजे नळीवर ओरखडा नाही. कड्याला खालून पोलादी पट्टी, पट्टीला फोरएन्ड, स्लिंगचा हुक पट्टीच्या पुढच्या टोकाला. आता स्लिंगने कितीही ओढलं तरी ओढ नळीच्या मुळाशी जाते, आणि तिथली नळी वाकवायची ताकद कुणा पोराच्या दंडात नाही. पट्टी आणि नळीत दीड मिलिमीटर जागा ठेवली. नोटेच्या मानाने पुष्कळ जास्त, पण कोलकात्याला फुगायला जागा द्यावी लागते.

लाकडाबद्दल एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा सल्ला घेतला. धर्मतल्ल्याकडच्या जुन्या बाजारात बसतात, लायसन्सवाल्यांच्या बंदुकांचे दस्ते दुरुस्त करण्यात आयुष्य गेलंय. हत्यार घेऊन जाणं अर्थातच शक्य नव्हतं. लाकडाचा एक तुकडा आणि वहीतलं चित्र घेऊन गेलो. त्यांनी चित्राकडे बघितलंच नाही. लाकडाचं टोक अंगठ्याने चोळलं आणि म्हणाले, "आगे काठेर मुखटा बंधो करुन, दादा." आधी लाकडाचं तोंड बंद करा. रेषा जिथे कापल्या जातात तिथून लाकूड पाणी पितं, बाजूने कमी. लोक वरून चकचकीत पॉलिश करतात आणि आतली खाच, स्क्रूची भोकं, मागचं तोंड कोरडंच सोडतात. जवसाचं तेल, उन्हात, पुन्हा तेल, असं सात दिवस करा, आणि आतून करा, बाहेरून नाही केलंत तरी चालेल. पैसे घेतले नाहीत. मराठी आहे म्हटल्यावर मात्र हसले आणि तोच शब्द म्हणाले.

सात दिवस ऊन कुठून आणणार? लंगरच्या भट्टीमागच्या भिंतीला लाकूड टांगून ठेवलं. आचारी रोज विचारायचा, पकलं का.

नवा फोरएन्ड चढवला तेव्हा निवडीला अकरा दिवस होते. पोराला म्हटलं, मार. स्लिंग ढिली, मग घट्ट, मग आणखी घट्ट. गोळ्या हलल्या नाहीत. म्हणजे अगदीच नाही असं नव्हे, दोन-तीन मिलिमीटर खाली येत होत्या, पण डावीकडची ओढ संपली होती आणि सरकणंही. पोराने दुर्बिणीतून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि परेडवर असूनही म्हणाला, "दादा, मग एवढे दिवस मी..." पुढचं बोलला नाही. मीही बोललो नाही. साहेब मागे उभे होते.

आता इथे गोष्ट संपवून टाकावी असा मोह होतो, पण तसं झालं नाही. रायफल सुधारली आणि मगच पोराच्या स्वतःच्या चुका दिसायला लागल्या. वीस गोळ्यांत दोन-तीन उगाच उजवीकडे वर जायच्या. त्या त्याच्याच होत्या, घाईच्या. आधी सगळंच हलत होतं तेव्हा त्या ओळखूच येत नव्हत्या. त्याला याचं वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. उलट तो खूश. वहीत प्रत्येक गोळी मारायच्या आधी लिहायला लागला, ही दहा जाणार, ही नऊ उजवीकडे. अकरा दिवसांपैकी शेवटच्या तीन-चारमध्ये त्याचं भाकीत बहुतेक वेळा बरोबर यायचं. चापावर बोट ठेवल्यावर श्वास अडकणं थांबलं होतं.

निवडीत तो चौथा आला. तिघं घेतले.

संध्याकाळी आम्ही दोघं मैदानाच्या कडेला झालमुरी खात बसलो होतो. मी त्याला जॉयदीप कर्मकारची गोष्ट सांगितली. याच शहराचा नेमबाज. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५० मीटर प्रोनला चौथा आला होता. पोराला ठाऊक होतं, माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणाला, "दादा, त्ये जगात चौथं. मी सहातनं चौथा." आणि हसला. मग तेजस्विनी सावंतवर आला. कोल्हापूरची, २०१० ला म्युनिकला प्रोनमध्ये जगज्जेती. कोल्हापूरच्या माणसाला कुठूनही कोल्हापूरला पोचता येतं.

त्याच्या कागदावर साहेबांनी स्वतः लिहिलं. मला दाखवलं नाही, पण क्लार्कने सांगितलं, पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावं अशी शिफारस आहे. चाप हा शब्द कुठे नव्हता.

तो गेला त्याला आता दोन महिने झाले. सियालदाहून रात्रीच्या गाडीने न्यू जलपाईगुडी, तिथून वर. रायफल कोतमध्ये आहे, दोन्ही फोरएन्डसकट. जुन्याला लाल टॅग, नव्याला हिरवा. सध्या ती टीममधल्या दुसऱ्या पोराकडे आहे, पंजाबी आहे, उंचपुरा, त्याची स्लिंग आणखी दोन भोकं लांब लागते. दर सोमवारी मी दहाची नोट घालून बघतो. ऑगस्टमध्ये एकदा पुढच्या टोकाशी किंचित अडकली, मिस्त्रींनी सांगितलेलं तेल एक हात आणखी दिलं, सुटली.

परवा वरून फोन आला. नेटवर्क तुटत होतं. तिथे रायफल वेगळी, काम वेगळं, टार्गेट नाही. त्याने विचारलं, "दादा, हिरवा टॅगवाली कशी हाय?" म्हटलं, बरी आहे. म्हणाला, लिव्हरच्या पिनेला तेल कमी घाला, जास्त झालं की ती मऊ पडते. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बघितलं, तेल जास्तच होतं.

पुढचा लेख बहुतेक दुर्गापूजेच्या ड्युटीवर लिहीन.